मागून वाजवणारी

ब्रिस्टल, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय क्षितिज,

तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही, त्याआधीची दोन वर्षंही गप्पच होते, त्याबद्दल माफ कर. रागात लिहिलेलं मला दुसऱ्या दिवशी खोटं वाटतं, म्हणून राग निवायची वाट पाहिली. तो निवला नाही. आता लिहायला हरकत नाही.

उद्या तुझ्याबरोबर वाजवायला मी येते आहे, हे विनयने कळवलं असेलच. त्याचा डबल बास अजून तसाच घुमतो आणि जीभही तशीच आहे. म्हणाला, "अगं वरदा, कोंत्रावाला आजारी पडला म्हणून क्षितिजला तुझं वाद्य आठवलंय. तू नाहीस. चहासुद्धा विचारणार नाही बघ."

हंगेरीतल्या त्या खेड्यात आपण शिकायला गेलो होतो, तिथली रीत आठवते? पुढचा व्हायोलिनवाला, प्रिमाश, राजा. लग्नातल्या नाचाच्या चाली तो एकीतून दुसरीत नेणार, आधी काही सांगणार नाही. कोंत्राने, त्या तीन तारांच्या व्हायोलाने, त्याच्या गजाकडे बघत, तीनही तारा एकदम वाजवत, मागून जायचं. तू प्रिमाश झालास, मी मागे बसले. मला ते मनापासून आवडायचं. त्या चालींखाली आपल्या गोंधळाचा ठेका बसतो हे मला सुचलं, तेव्हा चर्चच्या त्या गार हॉलमध्ये तू मला उचलून गोल फिरवलं होतंस. मग तू लंडनमध्ये स्टॅनमोरला गेलास आणि अल्बम आला: संकल्पना आणि संयोजन, क्षितिज. मुलाखतीत सांगितलंस, ठेका लहानपणापासून तुझ्या अंगातच होता. आणि कोंत्राचं काय, ती मागून येते, कुणीही वाजवेल.

कुणीही!

तुला पुढची चाल आठवत नाही, क्षितिज. कधीच आठवत नव्हती. एक चाल संपत आली की तुझा डावा खांदा वर जायचा, आणि पुढच्या चालीचा पहिला स्वरमेळ मी निमिषभर आधी द्यायचे. तो कानावर पडला की तुला आठवायचं. लोकांना वाटायचं, मी तुझ्यामागे येते. तुलाही तसंच वाटायचं. हल्ली प्रत्येक चालीनंतर थांबून तू लोकांना किस्से सांगतोस. का, ते मला रेकॉर्डिंग ऐकताच कळलं. उद्याच्या पोस्टरवर मात्र तू छापलं आहेस: चालींची संपूर्ण माळ, न थांबता.

मी एकही सूर चुकवणार नाही. फक्त रीतीप्रमाणे वाजवेन. तू वळलास की वळेन, आधी नाही. याला सूड म्हणायचं की नियम, यावर आठवडाभर स्वतःशी भांडले. नियम म्हणून सुटता आलं असतं. पण तुझा खांदा वर गेलेला बघायची मला जी ओढ लागली आहे, ती नियमाची नाही. क्रम कागदावर लिहून समोर ठेवणार असशील तर ठेव. कागद वाचणारा प्रिमाश ब्रिस्टलकरांनाही बघू दे.

मग आधी सांगते कशाला? गप्प राहिले असते, तर उद्याची फजिती तू दिव्यांवर, साउंडवाल्यावर, माझ्या सुटलेल्या सरावावर ढकलली असतीस. तुझा गज हवेत थांबेल, तेव्हा ती शांतता कुणी ठेवली आहे हे सगळ्या हॉलमध्ये तुला एकट्याला माहीत असावं, म्हणून हे पत्र.

उद्याच्या संध्याकाळपुरती तुझीच,
वरदा

(वेगळ्या चिठ्ठीवर, स्वतःसाठी) उद्या: साउंडचेक आटोपल्यावर, लोकांना आत सोडायच्या आधी, हे त्याच्या हातात देणे.