मोठ्याचं सूप

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तारा! माझ्या पोराच्या तोंडात तारा घातल्यात. वरचे दात खालच्या दातांना आवळून बांधलेत, मळ्याचं कुंपण बांधतात तसे. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, चावायचं नाही. जे काही जाईल ते पातळ, दाढेमागच्या फटीतून, नळीनं. नर्सनं एक छोटी पक्कड दिलीय – ओकारी आली तर ताबडतोब तारा कापायच्या, नाहीतर पोरगा गुदमरेल. पक्कड त्याच्या उशाशी बांधून ठेवलीय.

बीपीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मैनाबाई, राग आला की बोलू नका, लिहून काढा." घ्या, लिहिते! ज्या हातानं माझ्या रविराजचा जबडा फोडला, तो हात मी खलात घालून कुटीन. मिरी कुटते तसा. बोटं वेगळी, मनगट वेगळं.

मी नेमकी नामपूरला, भाचीच्या लग्नात. रविवारी तिकडे अक्षता पडत होत्या आणि इकडे हे. आणि सूनबाई? त्याच रात्री एकलहऱ्याला, बापाच्या क्वार्टरवर! नवरा रक्त ओकतोय आणि ही बॅग भरतेय. फोन उचलत नाही. मग मीही व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज भरून भरून पाठवला – नवऱ्याचं काय झालं ते तरी विचार गं बाई, आणि ज्यानं मारलं त्याचा हात मी कुटणार आहे तेही ऐकून ठेव.

घर म्हणजे उकिरडा. भांडी तशीच पडलेली, ओट्यावर तेल, आणि माझ्या खलबत्त्यातला बत्ता मोरीत! घासून जागेवर ठेवला.

या सुनेचं, निकिताचं, कधी लक्षच नसतं. दोनदा हाक मारल्याशिवाय ऐकत नाही. मान वळवून उजवा कान पुढे करणार आणि "काय म्हणालात, आई?" मी तिला बहिरटच म्हणते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पोलीस स्टेशनला जाऊन टेबल बडवून आले. हवालदार बाई होती, थंड. "मावशी, मुलगा तर लिहून देतो की तक्रार नाही." तक्रार नाही? जबडा दोन ठिकाणी तुटलाय! मुलं किती, मोठा कोण, धाकटा कुठे, तेवढं मात्र नीट लिहून घेतलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पेज, डाळीचं पाणी, डाळिंबाचा रस. गाल आत गेले पोराचे. मोबाइलवर टाइप करून दाखवतो, 'भूक'. काळीज तुटतं.

खालच्या शकुबाई आल्या. त्यांचे मालक देवळाली कॅम्पात साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते. "त्याला साहेबी सूप द्या, मैनाबाई. मांस अन् टमाटे, वरून साय. मांस लोण्यावानी शिजवायचं, मिक्सरला लावायचं, गाळायचं. माणूस लय टणटणीत हुतो." साय मात्र गॅस बंद करूनच घालायची, नाहीतर टोमॅटोच्या आंबटानं फाटते, असंही सांगितलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नेहमीचा खाटीक गावी गेलाय. म्हणून पुलापलीकडच्या दुकानात गेले, पहिल्यांदाच. दुकानदार गल्ल्यावरूनच म्हणाला, "मावशी, छोट्याचं देऊ की मोठ्याचं?"

म्हटलं, "मोठ्याचं. धाकटा पुण्यात असतो."

बघतच राहिला माझ्याकडे. बघेना का! एवढी चौकशी करतात हल्ली गिऱ्हाइकाची. आतून आणून दिलं, बिनहाडाचं, लालभडक. भाव ऐकून मीच चाट पडले. मटण एवढं स्वस्त? माझ्या तोंडाला भ्याला असणार.

घरी येऊन सुरा परजला. असं कापलं, असं कापलं! प्रत्येक तुकड्याला म्हटलं, हा तुझा अंगठा, ही तुझी करंगळी. कुकरला कांदा, लसूण आणि पाणी घालून शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या. चिवट होतं, बोकड म्हातारा असावा. लोण्यावर कणीक खरपूस भाजली, टोमॅटो उकडून सालं ओरबाडली, सगळं मिक्सरमध्ये टाकून गरागरा फिरवलं. झाकणावर हात दाबून उभी राहिले तेव्हा कुठे डोकं जरा शांत झालं. मिरी कुटली. गाळलं. गॅस बंद करून साय घातली. रंग असा आला, जुन्या विटेसारखा!

दोन ग्लास प्याला. माझा हात धरून दाबला. बस्स, माझं पोट भरलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सूप. तीन ग्लास!

२३ नोव्हेंबर, रविवार

त्याच्या उशाशी बसले, म्हटलं आज सांगितल्याशिवाय उठणार नाही. कोणी मारलं? एकदा काहीतरी लिहिलं, पुसून टाकलं. मग टाइप केलं, 'कंपनीच्या गेटवर. चौघे. अंधार होता.'

चौघे! एकट्यावर चौघे! आठ हात झाले. माझा खल लहान पडायचा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

अंबडला त्याच्या कंपनीवर गेले. पिशवीत बत्ता. खोटं कशाला लिहू, खरंच नेला होता. गेटवरचा वॉचमन जयराम म्हणे, "इथं कायबी झालं नाय, मावशी. त्या रविवारी तुमचा रविराज कामावरच नव्हता, रजा टाकलेली." मी त्याची कॉलर धरली. खोटारडा! चौघांना सामील असशील! माणूस बिचारा हात जोडून "मावशी, मावशी" करत राहिला. दोघांनी येऊन मला सोडवलं. बीपी किती झालं असेल कोण जाणे.

घरी येऊन सूप केलं. साय फाटली. घाई केली, गॅस चालू होता. पुन्हा केलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. निकिता असती तर हार तिनं केला असता, तिच्या हाराला तोड नाही. सूप ओट्याच्या दुसऱ्या टोकाला केलं. देवीला म्हटलं, चालवून घे, पोर आजारी आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काय हे! हसू की रडू!

शकुबाई सहज वर आल्या आणि परातीतले तुकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, हे तर मोठ्याचं!"

म्हटलं, "हो, मोठ्याचंच. धाकट्याला कशाला पाठवू?"

त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. पदर तोंडात. "अवं, मोठ्याचं म्हंजी म्हशीचं! छोट्याचं म्हंजी बकऱ्याचं! खाटकाकडं तसंच बोलतात!"

मला आधी घाम फुटला. रोज म्हैस शिजवतेय! काल घट मांडला त्याच ओट्यावर! मग दुकानदाराचं तोंड आठवलं – "धाकटा पुण्यात असतो" – आणि असं हसू फुटलं की दोघी परातीच्या दोन बाजूंना पोट धरून बसलो. शकुबाई डोळे पुसत म्हणाल्या, "खरं सांगू? साहेबाच्या सुपात हेच असायचं. तुमच्यापुढं नाव घेतलं नाय इतकंच."

म्हणजे न कळता अस्सल सूप केलं की मी! डोक्यावरून आंघोळ केली, ओटा तीनदा पुसला, देवीची माफी मागितली. पोराच्या अंगात रक्त भरलं ना? झालं तर मग. उद्या त्यालाही सांगते. तारांमुळे तोंड हलणार नाही, पण डोळ्यांनी हसेल.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हात भाजलाय. लिहवत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

लिहिते. डॉक्टरीणबाई म्हणतात लिहा, तर लिहिते.

हसत हसत सांगितलं त्याला. निम्मा ग्लास झाला होता. त्यानं ग्लास माझ्याकडे भिरकावला. गरम सूप कोपरापर्यंत सांडलं, स्टीलचा ग्लास खणखणत दारापर्यंत गेला. मग ओठ फाकवून दोन बोटं दाढेमागच्या फटीत खुपसायला लागला. ओकून टाकायचं होतं त्याला! मी ओरडले, अरे गुदमरशील, मरशील! एका हातात पक्कड, दुसऱ्या हातानं त्याचं मनगट ओढतेय. तारांतून नुसता फूत्कार, शब्द नाहीत. आणि मग त्यानं मला मारलं.

डाव्या कानाखाली. उजव्या हाताची पूर्ण चपराक, खांद्यातून आलेली. मी कपाटावर गेले. आणि त्याचा हात पुन्हा वर! तो चुकून उठलेला हात नव्हता. त्या हाताला वाट माहीत होती.

मीच चुकले, मीच त्याला किळस आणली, असं रात्रभर स्वतःला समजावत होते. सकाळी शकुबाईंनी दारातून हाक मारली. ऐकू आली नाही. दुसऱ्यांदा आली. मी मान वळवली, उजवा कान पुढे केला आणि म्हणाले, "काय म्हणालात?"

आणि तशीच उभी राहिले. वळलेल्या मानेनं.

निकिता. दोन वर्षं ती असंच म्हणतेय. मी तिला बहिरट म्हणतेय. भिंतीपलीकडे मी टीव्हीचा आवाज वाढवून मालिका बघतेय.

बत्ता मोरीत का होता, तेही कळलं.

१ डिसेंबर, सोमवार

एकलहऱ्याला गेले. निकिताच्या वडिलांनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच आडवे उभे राहिले. ती मागून म्हणाली, "येऊ द्या, बाबा."

वाळलीय. जबड्याखालचं काळंनिळं आता पिवळं पडलंय. माझ्या गालाकडे बघितलं, माझ्या भाजलेल्या हाताकडे बघितलं. काही विचारायला लागलंच नाही.

"त्यांनी हाक मारली होती, आई. डावीकडून. मला ऐकू आली नाही. मुद्दाम करतेस म्हणाले." त्यानंच पडदा फाडलेला कान, आणि त्या कानाला ऐकू आलं नाही म्हणून मार! "केस धरून डोकं ओट्यावर आपटलं. दुसऱ्यांदा आपटताना माझ्या हाताला बत्ता लागला."

मग तिनं उजवा हात माझ्यापुढे धरला. पालथा. मागे घेतला नाही. "तुमचे सगळे मेसेज ऐकले मी. हा तो हात."

पंधरा दिवस ज्या हाताची मी खांडोळी करत होते तो हा एवढासा हात. नखांना जुनी मेंदी. मी तो दोन्ही हातांत घेतला. तोंडातून भलतंच आलं.

"एकच मारलास?"

"एकच."

"दोन ठिकाणी तुटलाय," मी म्हटलं. "चांगला बसला."

ती माझ्या मांडीवर कोसळली. मीही रडले, मोठ्यानं, लाज न बाळगता. तिला तिथेही नीट चावता येत नाही. दाढ हललीय. पातळ भात खाते.

२ डिसेंबर, मंगळवार

सूप मागितलं त्यानं. टाइप करून – 'छोट्याचं. मला दाखवून शिजव.' दाखवून शिजवलं. पाजलं. काय करू, नऊ महिने पोटात वाढवलंय. माझ्या कानाबद्दल एक अक्षर नाही. ग्लास संपल्यावर परत मोबाइल पुढे केला.

'तारा निघाल्या की निकिताला आणतो. केस धरून.'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. ग्लास धुऊन ठेवला. मग पुलापलीकडे गेले, त्याच दुकानात, आणि संध्याकाळी शकुबाईंच्या गॅसवर दुसरं सूप केलं. साय अजिबात फाटली नाही.

३ डिसेंबर, बुधवार

सुपाचा डबा घेऊन सकाळीच एकलहऱ्याला. कशाचं आहे ते आधीच सांगितलं. निकिता आधी हसली, मग सगळा डबा प्याली. तिथून दोघी पोलीस स्टेशनला. तीच हवालदार. तिनं काहीतरी विचारलं, दोघींनी एकदमच उजवा कान पुढे केला. पेन हातात धरून ती आमच्याकडे बघत राहिली, मग आवाज चढवून म्हणाली, "मावशी, मागं दोन मुलं सांगितली होतीत. आरोपी म्हणून नाव कुणाचं लिहू?"

म्हटलं, "मोठ्याचं. धाकटा पुण्यात असतो."