तीन वाजताची तिन्हीसांज

लर्विक, शेटलंड
३१ डिसेंबर २००५

तीर्थरूप सुचेतावन्संना,

सुप्रभाचा साष्टांग नमस्कार (कमरेमुळे मनातल्या मनात घातलेला, पण पूर्ण). इकडे सर्व खुशाल. म्हणजे उदय हॉस्पिटलात, अर्चना कौन्सिलच्या ऑफिसात आणि ईशानी शाळेत खुशाल असते. मी घरात असते. तुमचा दमा कसा आहे? भाऊजींच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? सांगलीत थंडी पडली असेल. तुम्ही पहाटे स्वेटर घालत असाल आणि नऊला काढून दांडीवर टाकत असाल. मी इथे तो सप्टेंबरात घातला, कधी काढतात ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

पत्रास कारण मिठाचं आहे. माझ्यामुळे शेजारच्या बार्बराबाईंचा हात मोडला, आणि हे त्यांना अजून माहीत नाही. ते मला सांगता येत नाही आणि न सांगता शिरा नेऊन देताना माझी मान वर होत नाही. पण नुसतं एवढं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, सुप्रभाने धक्का दिला. म्हणून जूनपासून सांगते.

सासूबाईंचा तिन्हीसांजेचा कायदा तुम्हाला आठवत असेलच. (तुमच्या त्या आई, त्यामुळे तुम्हाला तो लागू नव्हता. माहेरी आलात की सहा वाजता झोपाळ्यावर लोळत असायचात. मी फक्त आठवण काढते आहे.) तिन्हीसांजेला झोपू नये, केर काढू नये, केस विंचरू नयेत, नखं कापू नयेत, उंबऱ्यात उभं राहू नये आणि दूध, मीठ, सुई घराबाहेर देऊ नये, लक्ष्मी जाते. सांगलीत हे पाळणं सोपं होतं. दिवा लावला, हात जोडले, की अर्ध्या तासात काळोख पडून कायदा संपायचा. मी एकेचाळीस वर्षं पाळला. सासूबाई गेल्यावरही पाळला, कारण त्या बघत असतील तर तिन्हीसांजेलाच बघत असतील असं मला वाटतं.

आता मी इथे, पार उत्तरेच्या या बेटावर, उतरले जूनमध्ये. जूनमध्ये इथे सूर्य साडेदहाला मावळतो, आणि मावळतो म्हणजे समुद्राच्या काठाखाली जवळच कुठेतरी बसून राहतो. पावणेचारला पुन्हा वर. मधले पाच तास रात्र म्हणून होतच नाही, सलग तिन्हीसांज. झोपायचं कसं? पहिले नऊ दिवस मी खुर्चीत ताठ बसून जप केला. दहाव्या दिवशी उदयने माझं ब्लडप्रेशर मोजलं आणि जाड काळे पडदे आणून खिडकीला लावले. आत मिट्ट काळोख झाला. काळोख म्हणजे रात्र, असं मी ठरवलं आणि चौदा तास झोपले. (हे तेव्हा तुम्हाला कळवलं नव्हतं. पत्रात जागा उरली नव्हती.)

त्याच महिन्यात वटपौर्णिमा आली. शेटलंडात झाड जवळजवळ नाहीच, वारा कोणाला उभं राहू देत नाही. अर्चनाने खूप विचार करून गल्लीतल्या दिव्याच्या खांबाला दोरा गुंडाळायचं ठरवलं. (खांब कौन्सिलचा, अर्चनाही कौन्सिलची, म्हणजे तसा घरचाच.) ती दुसरा फेरा घालत असताना शेजारच्या दारातून सत्त्याहत्तर वर्षांची एक बाई बाहेर आली, बोटांत दोरा धरून तपासला, आणि हा या वाऱ्यात तासभर टिकणार नाही असं सांगून घरातून चांगल्या लोकरीचा गुंडा घेऊन आली. त्याच या बार्बरा इस्बिस्टर. गुंडा हातात धरून सातही फेरे संपेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. हे कशासाठी, एवढंच त्यांनी विचारलं, आणि नवऱ्याच्या आयुष्यासाठी, असं कळल्यावर मान हलवली. त्यांचा नवरा तीस वर्षांपूर्वी मासेमारीच्या बोटीवर गेला तो आला नाही. आपल्याला कोणी सांगितलं असतं तर आपणही बांधला असता, असं काहीसं त्या म्हणाल्या. (लोकर मात्र टिकली. ऑगस्टमध्ये कौन्सिलने माणूस पाठवून कापली.)

तेव्हापासून रोज सकाळी अकराला मी त्यांच्याकडे विणायला जाते. त्यांचं इंग्रजी शेटलंडचं आणि माझं सांगलीचं, त्यामुळे मला त्यांचं निम्मं कळतं, त्यांना माझं पाव. तरी आमचं जमतं. या परक्या मुलखात सकाळी उठावं असं मला त्या अकरासाठी वाटतं, हे तुम्हाला म्हणून सांगते. मुलाच्या घरी सगळे फार चांगले वागतात, पण माझी वाट बघणारं माणूस गल्लीत एकच आहे. त्या मला सुप्रा म्हणतात. ईशानीसाठी आम्ही दोघी मिळून स्वेटर विणायला घेतला होता. अंग माझ्याकडे, नक्षीच्या बाह्या त्यांच्याकडे.

मग हिवाळा आला. डिसेंबरात इथे सूर्य नवानंतर येतो आणि तीनच्या आत जातो. (येतो म्हणजे हजेरी लावतो. टेबलाच्या उंचीपर्यंत चढतो आणि विचार बदलतो.) त्यामुळे तिन्हीसांज पावणेतीनला लागते ती चारपर्यंत हलत नाही. अर्चना अडीचला घरी येते, हूवर, म्हणजे केर ओढायचं मशीन, फिरवायला तिला तेवढाच वेळ, पण कायदा म्हणजे कायदा. ती गुणी आहे. हूवर माझ्या खोलीच्या दाराशी आणून उभा करते आणि चार वाजायची वाट बघते.

एकोणीस तारखेला गल्लीत सगळीकडे काचेसारखा बर्फ धरला होता. कौन्सिलची, बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकणारी गाडी मोठ्या रस्त्याने जाते, गल्लीत वळत नाही. अर्चना ईशानीला शाळेतून आणायला गेली होती. सव्वातीनला मागचं दार वाजलं. बार्बराबाई हातात मग घेऊन उभ्या. माझ्या पायरीवर टाकायला थोडं मीठ दे, पोस्टात जायचं आहे, असं म्हणत होत्या, आणि नेमकं हे मला शंभर टक्के कळलं. लिंबाच्या लोणच्यासाठी आणलेल्या तीन किलो मिठाच्या पिशव्या टेबलावर होत्या. मी त्यांच्या आणि टेबलाच्या मध्ये उभी राहिले आणि म्हणाले, "नो सॉल्ट." चार वाजता या, एवढं तरी इंग्रजीत म्हणता आलं असतं. आकडे मला येतात. पण त्या क्षणी मला फक्त सासूबाई दिसल्या. बार्बराबाई "नेव्हर माइंड" म्हणून हसून गेल्या.

मी काही निर्दयी नाही, वन्सं. दार लावल्याबरोबर सगळ्या पिशव्या मांडीवर घेऊन, कोट घालून, घड्याळासमोर बसले, की चारचा ठोका पडला की स्वतः जाऊन त्यांची पायरी मिठाने भरून टाकायची. तीन चाळीसला ईशानी धावत आली. "आजी, बार्बरा पडला. त्याची हात वाकडी झाली." अर्चनाने त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. उदयने प्लास्टर पाहिलं. रात्री जेवताना तो म्हणाला, बाई मीठ मागायला कोणाकडे तरी गेल्या होत्या म्हणे, त्यांच्याकडे नव्हतं. मग त्याने भातावर मीठ मागितलं. मी दिलं.

मनगट उजवं आहे, सहा आठवडे. बाही अर्ध्यावर सुयांना लटकते आहे. मी रोज शिरा घेऊन जाते, त्या डाव्या हाताने खातात आणि माझे आभार मानतात. मला राहून राहून तो काळा पडदा आठवतो. माझ्या झोपेची वेळ आली तेव्हा मला कायद्यातून वाट सापडली, आणि त्यांच्या पायरीची वेळ आली तेव्हा सापडली नाही. हे वाईट आहे. लिहून टाकलं, बरं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.

भाऊजींना नमस्कार. औषध वेळेवर घ्या आणि झोपाळ्यावर वाऱ्यात बसू नका.

तुमची आज्ञाधारक (बहुतेक बाबतीत),
सुप्रभा

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. सासूबाईंच्या मागे कायद्याचं सगळं तुमच्याकडे, तुम्ही त्यांची एकुलती एक मुलगी. तरी कृपा करून दोन ओळी लिहून पाठवा, की शेटलंडात तिन्हीसांज सांगलीच्या घड्याळाने धरावी. हिशेब मी केला आहे. तुमच्याकडे सवासहा म्हणजे इथे दुपारचे पाऊण. तेव्हा सगळे जेवत असतात, कोणी काही मागायला येत नाही.

ता. क. २ (दोन जानेवारी) : नव्या वर्षासाठी इथलं पोस्ट चार तारखेपर्यंत बंद, म्हणून पत्र अजून माझ्याकडेच. आज सव्वातीनला दार वाजलं. बार्बराबाई. एक हात गळ्यात, दुसऱ्यात टोपली, टोपलीत केक, कोळशाचा खडा आणि मिठाची अख्खी पिशवी. वर्षात पहिल्यांदा कोणाकडे जाताना असं काही न्यायची इथे रीत आहे, पण मीठ चिमूटभर चालतं, असं अर्चना म्हणाली. बार्बराबाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुझ्याकडे मीठ नव्हतं, सुप्रा. तेव्हापासून मनात होतं. मिठाशिवाय वर्ष सुरू करू नये." म्हणजे मला मीठ द्यायला ही बाई त्याच बर्फावरून, एका हाताने. मला रडू आलं. अर्चनाला मध्ये बसवून मी सगळं सांगितलं, पिशव्या काढून दाखवल्या. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, बोटीवरही असे पुष्कळ नियम असायचे, पाद्र्याचं नाव काढायचं नाही, बोट सूर्याच्या उलट दिशेने वळवायची नाही. "माझा नवरा सगळे पाळायचा," त्या म्हणाल्या, आणि चहा मागितला.

चहा झाल्यावर मी तीन किलो मीठ त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत टाकलं. पावणेचार वाजले होते. लक्ष्मी गेलीच असेल तर निदान घसरली नसेल.

ता. क. ३ : परवानगी पाठवाच. फक्त वर तारीख अठरा डिसेंबरची घाला, म्हणजे एकोणीसला सव्वातीनला तिन्हीसांज नव्हतीच.