दहापैकी किती

प्रिय शेंडेफळा,

अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने घरात सगळे सुखरूप आहेत, आईचे गुडघे तेवढे सोडून. फोन असताना ताईला पत्र कुठून सुचलं, असं तुझ्या मनात येईल. फोन आईच्या उशाशी असतो, आणि दोन खोल्यांच्या घरात मी कुजबुजलेलंही तिला ऐकू जातं. कामाचं सांगितलेलं तेवढं जात नाही. कागद जुन्या कॅलेंडरचा आहे. मागची बाजू कोरी होती, टाकवेना. तुझे भावजी बरे आहेत. नवा चष्मा केला, पण लावतात जुनाच. नवा झिजेल म्हणे. माझ्या संगतीचा परिणाम.

तर आईचं. गेल्या खेपेला आलीस तेव्हा आपल्या कुंपणाची निर्गुडी ओरबाडून पिशवी भरून नेलीस. मला वाटलं, तिकडे तेल करणार. तू त्या पाल्यातून कसलासा अंश वेगळा काढलास, तुझ्या लॅबमध्ये त्याच्या गोळ्या झाल्या, आणि सूज नि दुखणं त्याने उतरतं का हे बघायला त्या म्हाताऱ्या माणसांना द्यायचं ठरलं. त्यात आईचंही नाव घातलंस. मी मॅट्रिक झालेली बाई, मला त्यातलं काय कळणार? पण पाला माझ्या कुंपणाचा आणि कौतुक तुझं, एवढं कळलं. हाच पाला मी इतकी वर्षं तिळाच्या तेलात कढवून आईच्या गुडघ्यांना चोळत आले. तेव्हा त्याला कोणी शोध म्हटलं नाही. तेव्हा तो नुसता वास होता, आणि शेजारीण खिडकी लावून घ्यायची.

वर तुमचा नियम. गोळ्या चालू असताना तेल लावायचं नाही, नाहीतर गुण कशाचा ते समजणार नाही. बरोबरच आहे. पण त्या नियमाने माझी संध्याकाळ नेली, हे तुमच्या डॉक्टरांना कुठून कळणार? देवापाशी दिवा लावून झाला की मी खाली बसायची, आईचा पाय मांडीवर घ्यायची, आणि ती बोलायची. एरवी आई कशी शब्दाला महाग आहे, तुला ठाऊक आहे. पण गुडघ्यावर हात फिरायला लागला की तिचं तोंड सुटायचं. आजोबांनी तिला सायकल शिकवली होती आणि लग्नानंतर एकदा गल्ली रिकामी बघून तिने शेजाऱ्यांची सायकल पिटाळली होती, हे तुला माहीत आहे का? नाही ना? ते मला तेलात मिळालं. दुखण्यालासुद्धा तिच्याकडे किती नावं. आज ठणका आहे, आज नुसती रग आहे, आज आत कोणी सुई टोचून विसरून गेल्यासारखं सलतंय. नाव ऐकून मी हात हलका नाहीतर जड करायची. गोळ्या आल्या आणि संध्याकाळी मी रिकामी झाले. जपाला बसायची, पण नामाऐवजी मनात तूच यायचीस, आणि चांगल्या विचाराने नाही.

काही आठवड्यांनी आई जिना उतरायला लागली. फाटकाशी जाऊन उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायची, माझ्या धाकटीचं औषध आहे. मीटर बघायला आलेल्या माणसाने आकडा टिपायच्या आधी तुझी पदवी ऐकून घेतली. मी मागे कपडे वाळत घालत होते. "आणि ही थोरली, घरीच असते," एवढी माझी ओळख. त्यातून दर आठवड्याला तुमच्या लॅबमधल्या एका मुलीचा फोन, गोळ्यांचं कसं काय ते विचारायला. स्वतःच्या आईला तू विचारायचं नाहीस, असा तुमचा आणखी एक नियम, म्हणून ती विचारणार. फोन वाजला की आई बाल्कनीत जाऊन दार लोटून घ्यायची. माहेरी लेकी-बाळी जमल्यासारखं हसणं ऐकू यायचं. मी आत पोळपाट बडवत असायची.

मग तुझा फोन आला. आई प्रत्येक वेळी दहापैकी नऊ सांगते, म्हणजे दुखणं अगदी टोकाचं. गोळ्या तिला लागू पडत नाहीत, डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्यात, ताई तू तुझं तेल चालू कर. तुझा आवाज पार उतरला होता. मी "असू दे गं, देवाची मर्जी" म्हणाले आणि फोन ठेवून सरळ कढई चढवली. टोकाचं दुखत असताना आई जिना कशी उतरत होती, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी माझ्या सोयीचं उत्तर काढलं: लाडकी लेक तोंडघशी पडू नये म्हणून म्हातारी कळ गिळून चालते आहे. त्याचाही राग आला. माझ्यासाठी तिने कधी शिंकसुद्धा गिळली नाही.

तेल सुरू झालं, आई पुन्हा बोलायला लागली, आणि मी देवाला चक्क खडीसाखर ठेवली. थोड्या दिवसांत गुडघे सुजले. जिना बंद झाला. मी मनात म्हटलं, आता कुठे खरं दाखवते आहे.

काल त्या मुलीचा शेवटचा फोन आला. आईला बाल्कनीपर्यंत जाववेना, म्हणून पलंगावरूनच बोलली, आणि बोट भलतीकडे लागून त्या मुलीचा आवाज खोलीभर झाला.

"आजी, आज दहापैकी किती द्याल?"

"दोन. फार तर तीन."

"अरे वा, म्हणजे आता आराम आहे."

"आराम कसला, बाई? औषध बंद केलंत, पाय उचलत नाही. मग मार्क कशाचे देऊ? चालू होतं तेव्हा नऊ-नऊ दिले की. एवढे तर आमच्या मास्तरांनी कोणाला दिले नाहीत."

ती मुलगी हसली, बरं आजी म्हणाली आणि दोन लिहून मोकळी झाली असणार. तिला म्हातारीची बडबड वाटली. मी मात्र जागच्या जागी बसले. मी घरखर्च मांडणारी बाई; आकडा वाढला की वाईट, हे माझ्या हाडात आहे. आईचा आकडा शाळेतला, मोठा म्हणजे शाबासकी. तुम्ही तिचं दुखणं मोजत होतात आणि ती तुला पास करत होती.

हे फक्त मला कळलं होतं. गप्प राहिले असते तर संध्याकाळ माझीच राहिली असती. चोळता चोळता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, माझ्या तेलाला किती गं? आई म्हणाली, "घरच्या माणसाला कोणी मार्क देतं का? तू आपली चोळ." मला भोपळा मिळाला की परीक्षाच माफ झाली, ते अजून कळलेलं नाही. मग ती पाय खाली घ्यायला गेली आणि तो हलेना. माझा खांदा घट्ट धरला, ओठ दाबले. या वेळी तिने दुखण्याचं नावही सांगितलं नाही.

म्हणून हे पत्र. डॉक्टरांना सांग, आईचे नऊ म्हणजे औषधाला दिलेले मार्क होते आणि कालचे दोन म्हणजे दुखणं वाढलंय. औषध तिला लागू पडत होतं, मी डोळ्यांनी बघितलंय. गोळ्या परत सुरू करायला लाव, लवकर. घोटाळा झाला हे आईला कळू देऊ नकोस, ओशाळेल. हे लिहिताना मला आनंद होतोय असं म्हटलं तर देव बघतो आहे, होत नाहीये. तेल मी आजपासूनच बंद केलं, तुमचा नियम मोडणार नाही. फक्त एक विचारून कळव. संध्याकाळी तिचा पाय मांडीवर घेऊन नुसता कोरडा हात ठेवला, तर ते चालतं का?

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
ताई