आगाऊबाईंना माझी उत्तरं

२ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून कोर्स. मोबाईलवर. हॉस्पिटलच्या धुलाईघरात बावीस वर्षं चादरी धुतेय, आता कागद हवा म्हणे. महिनाअखेर सुपरवायझर रिटायर. कोर्स पास, त्याला खुर्ची. चष्मेवाली गेल्या वर्षीच पास होऊन बसलीय. माझ्या हाताखाली शिकलेली पोर माझ्याच डोक्यावर? मी मेल्यावर.
सूचना सहा पानं. वाचल्या नाहीत. सूचना नवख्यांसाठी असतात.

३ सप्टेंबर
लेकीने थोडक्यात सांगितलं. दर आठवड्याला सर प्रश्न टाकणार. आपण उत्तर लिहायचं, शिवाय दुसऱ्या दोघांच्या उत्तरांवर मत द्यायचं, कारणासकट. नुसतं 'छान' धरत नाहीत. निम्मे मार्क ह्या चर्चेचे.
म्हणजे बोलायचे मार्क! खुर्ची माझीच.

७ सप्टेंबर, रविवार
प्रश्न: रक्ताचे डाग. मी लिहिलं, "गार पाणी. एवढंही येत नसेल तर घरी बसा."
बघते तर सगळ्यांच्या वर कुणी बाई आधीच हजर. नाव नाही, नुसतं 'विद्यार्थिनी'. गार पाणी, भिजवणं, घासू नये, सगळं ओळीने. बरोबर आहे, पण तोरा किती! नाव ठेवलं आगाऊबाई. तिला लिहिलं, "हे शेंबडं पोरही सांगेल." मग आणखी एक, "एवढं लांबण कशाला?" दोन मतं झाली.
लेक म्हणाली, अगं आई, दोन वेगळ्या माणसांना लिहायचं असतं. तिला काय कळतंय.

१४ सप्टेंबर
आगाऊबाई पुन्हा पहिली. झोपते कधी? म्हणते, मशीन ठासून भरू नये, वर हात फिरेल एवढी जागा ठेवावी. मीही हेच सांगत आलेय. पण हो म्हटलं तर आणखी चढेल. लिहिलं, "चूक. ठासून भरा."
दुपारी कामावर एकीने मशीन ठासून भरलं. तिला झाप झाप झापलं. कामाची गोष्ट वेगळी, चर्चेची वेगळी.

१६ सप्टेंबर
सरांचा मेसेज: आदराने लिहा, इतरांशीही बोला. हा सगळ्यांना पाठवला असणार.
माझ्या उत्तराखाली एका गृहस्थाने "ताई, उपयोगी माहिती" असं लिहिलंय. लोचट. त्याला कशाला उत्तर द्यायचं?
निश्चय: उद्यापासून गोड बोलायचं.

२१ सप्टेंबर
"आदरणीय आगाऊबाई, आपण चुकलात." झालं गोड.
तीन प्रश्न झाले, तिच्याकडून उलट एक शब्द नाही. बोलती बंद!

२६ सप्टेंबर
शेवटचा प्रश्न: धुण्याआधी कपड्यांची तपासणी. आगाऊबाई लिहिते, "डॉक्टरांच्या कोटाचा खिसा उलटा करून बघावा, सुई-कात्री निघते. खिसा आणि नवरा तपासल्याशिवाय सोडू नये."
हे वाक्य माझं आहे! धुलाईघरात मीच म्हणते. चांगल्या गोष्टी लांबवर पसरतात, त्याला इलाज नाही. पण चोरी ती चोरी. लिहिलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं? नाव सांगा. त्याचा कान धरते."
आता बघू काय तोंड दाखवते.

२९ सप्टेंबर, सोमवार
निकाल. चर्चेत शून्य. नापास.
सरांना फोन लावला. चांगला आवाज चढवला. ते शांतपणे म्हणाले, बाई, सगळ्यांत वरचं उत्तर गेल्या वर्षीच्या विद्यार्थिनीचं. कसं लिहावं ते कळावं म्हणून मीच दर आठवड्याला लावतो. त्यावर लिहिलेलं धरत नाही. सूचनांच्या पहिल्याच पानावर आहे.
पहिल्याच पानावर. सहाव्यावर असतं तर एक वेळ समजू शकले असते.
म्हणाले, तुमचा शेवटचा प्रश्न मात्र त्या मुलीला पाठवलाय. तिने उत्तर दिलंय, बघा.

३० सप्टेंबर
सकाळी चष्मेवालीला खुर्ची मिळाली. बसेना. म्हणाली, "ताई, आधी तुम्ही बसा ना." म्हटलं, "नखरे नकोत, बस. गाठोडी मोजायची राहिलीत."
जेवणाच्या सुट्टीत ते उत्तर उघडलं. "मला हे सगळं आमच्या धुलाईघरातल्या ताईंनी शिकवलं. पहिल्या दिवशी मी मशीन ठासून भरलं होतं, तेव्हा त्या खूप ओरडल्या. मग स्वतः अर्धे कपडे बाहेर काढून दाखवलं. कान धरायचा असेल तर त्यांचा धरा, पण जपून. त्या चावतात."
खाली चष्मेवालीचं नाव.
नियमाप्रमाणे यावर मत द्यायला हवं. कारणासकट. सुट्टीभर मोबाईल हातात धरून बसले. भोंगा झाला तेव्हा लिहिलं, "छान."
धरत नाहीत, माहीत आहे.