फाटकातला रोवन

आर्दव्हार, स्काय बेट
२३ जून १९७१

ती. इशबेलताईस,
टॉर्कलचा सा. न.

काल सकाळी मी शेजारच्या गावाहून, प्रभुभोजनाच्या पाच दिवसांच्या सभा आटोपून चालत घरी आलो. फाटकाला हात लावला आणि तसाच उभा राहिलो. फाटकातलं झाड, आपला लाल फळांचा रोवन, नाही. करवतीनं बुंध्याशी सपाट कापलाय. लहानपणी खड्डा मी खणला होता, रोप तू धरलं होतंस.

चेटकिणीला अडवतो म्हणतात त्या दारच्या रोवनला इथलं कुणी करवत लावणार नाही, हे तुला सांगायला नको. पाद्रीबाबा त्याला अडाणी समजूत म्हणतात, पण त्यांच्याही दारात एक आहेच. शेजारची कर्स्टी म्हणाली, शुक्रवारी बाहेरगावची दोन माणसं गाडी घेऊन आली. तिनं हटकलं तर ती माणसं म्हणाली, मालकिणीनं सांगितलंय. वडिलांनी घर तुझ्या नावे केलं. दुसरी मालकीण कोण?

सभा कधी आहेत, हे तू या वर्षी पहिल्यांदाच विचारलंस. ताईला देवाची आठवण झाली, म्हणून मी हरखलो होतो. माझा समज चुकीचा असेल तर तसं कळव. मी वाट पाहतोय.

तुझा,
टॉर्कल

ग्लासगो
५ जुलै

चि. टॉर्कलास अ. उ. आशीर्वाद.

तुझा समज बरोबर आहे. घर एडिनबरोच्या एका गृहस्थांना विकलंय. त्यांना खिडकीतून खाडी दिसायला हवी होती. तुझ्यादेखत झाड पडलं नसतं, म्हणून तू नसताना पाडलं. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा माणूस तू, आणि चेटकिणीच्या भीतीनं झाड राखतोस, हे मी इथे कुणाला सांगितलं तर हसतील रे.

तुला कुणी हाकलत नाहीये. मागची खोली तुझीच. त्यांना बागेत रोवन लावायचेच आहेत, पण पिवळ्या फळांचे, कुंपणालगत ओळीनं. ते वाढवायला तुझ्याइतका जाणता कोण? तेवढं जुन्या बुंध्याला फुटवे आले तर काढून टाक. रागावू नकोस, जेवत जा.

तुझी,
ताई

आर्दव्हार
३० ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. राग असताना प्रार्थनेला बसवत नाही, आणि प्रार्थना केल्याशिवाय लिहवत नव्हतं.

चेटकिणीला मी कधीच भ्यालो नाही. शेजारी माझ्यामागे बोलतात, याचं लग्न झालं नाही, पोरबाळ नाही, झाडाचंच काय ते कौतुक. बोलोत. घर विकणं तुझ्या हक्कातलं होतं. तू विचारलं असतंस तर मी दोन दिवस भांडलो असतो, मग फाटक स्वतः उघडून दिलं असतं. तू मला देवाच्या नावानं घराबाहेर काढलंस. त्या सभेत मी तुझ्यासाठी गुडघे टेकले होते, त्याच वेळी इथे करवत चालू होती.

एडिनबरोचे गृहस्थ येऊन गेले. भले आहेत. बाग सांभाळाल का, म्हणून त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

बुंध्याला फुटवे आलेत, हातभर उंच. मी ते काढलेले नाहीत. काढायचे तर तू ये आणि तुझ्या हातानं काढ.

लोभाचं काय लिहावं, सुचत नाही. माझा पलंग आणि बायबल काल कर्स्टीच्या माळ्यावर नेलं. घराची किल्ली या पाकिटात आहे.

टॉर्कल