भिसेगावची भातगिरणी पाडू नये

मृत्युपत्र करून देणार: चिंधी भिवाजी बोराडे, वय त्र्याहत्तर, धंदा पूर्वी भातगिरणी, आता काही नाही, राहणार भिसेगाव, कर्जत, जिल्हा रायगड.

हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कुणी धाक घातला नाही, कुणी लाडीगोडी लावली नाही. डॉ. विपुल दळवी यांनी मला तपासून डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. गिरणीच्या गल्ल्यावर जन्म काढलेल्या बाईला हे विचारतात याचं मला हसू आलं. हृदय मात्र थकलं आहे, येता पावसाळा मी बघेन असं त्यांना वाटत नाही. मलाही वाटत नाही.

माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून यमाची नजर पडू नये या हिशेबाने आईबापांनी माझं नाव चिंधी ठेवलं. सासरी ते बदलून सुमन केलं, पण मी ते कधी लावलं नाही. जुन्या कागदांत दोन्ही नावं सापडतील. बाई एकच आहे.

याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात गिरणी माझ्या दोन मुलांना, गजानन आणि छाया यांना, निम्मी निम्मी दिली होती. छाया आता नाही. ते मृत्युपत्र मी रद्द करते.

कलम एक. भिसेगावची भातगिरणी, वाळवणाचा ओटा, विहीर आणि धुराडं धरून, माझी स्वतःची मिळकत आहे. माझे पती भिवाजी यांनी ती हयातीतच नोंदणीकृत बक्षीसपत्राने मला दिली. पुढची इमारत माझे सासरे येसाजी यांनी १९३८ साली बांधली: काळ्या दगडाचं जोतं, छप्पर पेलणाऱ्या तिकोनी सागवानी कैच्या, वर मंगळुरी कौलं. मागची सिमेंटची वखार भिवाजींनी १९७४ साली जोडली. तिचं छप्पर गोल आहे आणि भिंतींना जाळ्या आहेत, म्हणजे तुसाची धूळ बाहेर जाते. बघायला येणारे लोक सागवानाला हात लावून उसासे टाकतात आणि वखारीकडे पाठ करून फोटो काढतात. त्यांना ती नुसती कळकट दिसते. ते छप्पर ओतलं तेव्हा डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायकांत मी होते. गजानन तेव्हा माझ्या पोटात होता. तेव्हा या मृत्युपत्रात गिरणी म्हणजे दोन्ही, सागवानी आणि सिमेंटची, असंच वाचावं.

कलम दोन. गिरणी मी कुणा एका माणसाच्या नावावर करत नाही. मालकी द्यायची आणि वर विकू नये अशी अट घालायची, तर ती अट कोर्टात टिकत नाही, असं वकिलांनी समजावून सांगितलं. म्हणून गिरणी मी न्यासाकडे सोपवते. विश्वस्त दोघी. एक माझी नात, छायाची मुलगी भाविका. दुसरी सुरभी जयवंता पाटील, राहणार कुंभिवली, तालुका खालापूर. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं कामही सुरभीकडे.

सुरभी आर्किटेक्ट आहे. कॉलेजात असताना टेप आणि कागद घेऊन गिरणी मोजायला आली आणि नंतर येतच राहिली. गिरणी बंद पडून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. छायाने इंजिनाच्या खोलीत छोटं हलर बसवून भात सडून द्यायला सुरुवात केली होती. मग दोघींनी मिळून बेत केला. पुढच्या मोठ्या दालनात गावातल्या मुलांना अभ्यासिका, वखारीत शेतकऱ्यांच्या भाताची साठवण, ओट्यावर शनिवारी तांदळाचा बाजार. छाया म्हणायची, गिरणीला काम द्या, मग तिला कुणी पाडायला येणार नाही. हा बेत विश्वस्तांनी पुरा करावा.

गजाननचा बेत वेगळा होता. त्याने एक बिल्डर आणला. बिल्डरने रंगीत चित्र आणलं. त्यात चार टॉवर, मध्ये पोहायचा तलाव, आणि तलावाच्या काठावर आमचं धुराडं एकटंच उभं, दिव्यांच्या माळा सोडलेलं. बाकी गिरणी कुठे गेली विचारलं, तर म्हणाला, आजी, तिची आठवण ठेवलीय ना. म्हणून स्पष्ट लिहिते: धुराडं शोभेला ठेवून बाकी गिरणी पाडणं हे पाडणंच समजावं, आणि त्या माणसाला आवारात पाऊल टाकू देऊ नये.

कलम तीन. पडलेल्या दोन कैच्यांचं लाकूड विकू नये. छायाच्या दहाव्याला एक फार्महाऊसवाले गृहस्थ आले. मला वाटलं भेटायला आले. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी त्या सागवानाचा भाव विचारला, त्यांना त्याचं जेवणाचं टेबल करायचं होतं. मी त्यांना काय बोलले ते वकील इथे लिहू देत नाहीत. ते लाकूड कुजकं तेवढं तासून त्याच छपराला परत लावावं. जिथे नवं लागेल तिथे नवं लावावं आणि ते नवं आहे हे दिसू द्यावं. रंग फासून जुनं असल्याचं सोंग करू नये. हे सुरभीचं म्हणणं आहे आणि मला ते पटलं.

कलम चार. पोशीरची भातजमीन मला माझ्या वडिलांकडून आली. ती गजाननचा मुलगा ऋतिक आणि भाविका यांना सारखी वाटून द्यावी. ऋतिकचा यात काही दोष नाही आणि बापाच्या करणीसाठी मी त्याला उपाशी ठेवणार नाही. माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ भाविकाला. भिवाजींची हत्यारं, म्हणजे करवत, रंधा, ओळंबा आणि कौलं परतायची शिडी, गिरणीतच राहतील.

कलम पाच. मुलगा गजानन याला माझ्या मिळकतीतून काहीही मिळणार नाही. हे नजरचुकीने राहिलेलं नाही. विचार करून लिहिलं आहे.

कलम सहा. हे कलम मृत्युपत्रात शोभत नाही, वेगळ्या कागदावर लिहा, असं वकील म्हणाले. वेगळे कागद हरवतात. म्हणून इथेच लिहिते.

आमच्याकडे दर वैशाखात कौलं परततात. फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, मगच पावसाला सामोरं जायचं. भिवाजी असेपर्यंत ते स्वतः वर चढायचे आणि गजाननला सोबत न्यायचे. कैचीचं टोक भिंतीत जिथे बसतं तिथलं एक कौल जरी हललं तरी पाणी टोकात मुरतं आणि सागवान असलं तरी दोन-तीन पावसाळ्यांत आतून पोकळ होतं, हे त्यांनी त्याला पोरवयात शिकवलं. त्यांच्यामागे ते काम गजानन करायचा. गिरणीवरून आमचं भांडण झालं तरी दर वैशाखात तो वर चढायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं. मी त्याला वर ताक नेऊन द्यायचे.

गेल्या वर्षी आषाढात, एका रविवारी, छाया दालन झाडायला गेली. दुसऱ्या दिवशी सुरभी अभ्यासिकेची जागा दाखवायला काही माणसं आणणार होती. रविवारी हलर बंद, म्हणून गिरणीत एरवी कुणी नसायचं. दुपारी दोन कैच्या माळ्यासकट खाली आल्या. माझी मुलगी त्याखाली गेली. तिला बाहेर काढलं तेव्हा हातात केरसुणी होती, एवढंच मी लिहू शकते.

सगळे म्हणाले, जुनी इमारत, पडणारच. नगरपरिषदेच्या कचेरीतून आलेल्या माणसानेही तेच लिहून नेलं आणि भिंतीवर धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवली. सुरभीने उरलेल्या कैच्या तपासून घेतल्या, त्या ठणठणीत आहेत. पण कचेरीचं उत्तर ठरलेलं: पडली म्हणजे जुनी, जुनी म्हणजे पाडा. मी जिवंत आहे तोवर त्यांनी हात आखडता घेतला आहे. माझ्यामागे ते थांबणार नाहीत.

तेरावं झाल्यावर मी वखारीच्या मागे गेले. तिथे गोणपाटाखाली कौलं रचलेली सापडली. पडलेल्या छपराची कौलं आत चुरा होऊन पडली होती. ही सगळी अख्खी होती. खाली पेंढा, कौलं उभी, भिंतीकडे कललेली, आणि रांग सरकू नये म्हणून शेवटचं कौल उलटं लावलेलं. असं उलटं कौल लावायची रीत भिवाजींची, आणि ती त्यांनी एकट्या गजाननला शिकवली होती. दुसऱ्या कुणी ती रांग रचलेली असणं शक्य नाही. छप्पर उघडं करायला वर चढलेल्या माणसाच्या हातून कौल फेकवलं नाही. शिकवल्याप्रमाणे त्याने एकेक खाली आणलं आणि जपून ठेवलं.

मी गजाननला बोलावून ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "कौलं कोनी काढली रं?"

त्याने मान विहिरीकडे वळवली. मग म्हणाला, "आये, दोन वैशाखांमागं काढली. टोकांनी दोन-तीन पावसाळं पानी खाल्लं की नोटीस आपसूक येनार व्हती. मग पाडायला कोनाची ना नव्हती. रविवारी छायी तिथं असंल, ह्ये माज्या ध्यानीमनी नव्हतं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला बहिणीला मारायचं नव्हतं, गिरणीला मारायचं होतं. मी पोलिसांत गेले नाही. एक मूल जाळून आल्यावर दुसरं तुरुंगात नेऊन घालायची ताकद माझ्यात नव्हती. मी त्याच्यावर प्रेम करत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्याला समोर बघितलं की अन्न गळ्याखाली उतरत नाही, हेही खरं आहे. पण छायाला गिरणीने मारलं असं या गावात पुढे कायम बोललं जाईल आणि त्याच कारणासाठी गिरणी पाडली जाईल, हे मी होऊ देणार नाही.

कलम सात. माझ्या चितेला अग्नी भाविकाने द्यावा. गजाननने यावं, खांदा द्यावा. नातेवाइकांनी त्यावरून कुजबुज करू नये, आणि केलीच तर मला ऐकू येणार नाही.

कलम आठ. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळणार नसावं, म्हणजे पुढे वाद निघत नाहीत, असं वकिलांनी सांगितलं. कायद्याला दोन साक्षीदार पुरतात आणि ते दोघे आज हजर आहेत. तिसरी जागा मी गजाननसाठी ठेवली आहे. त्याला काही मिळत नाही, त्यामुळे तो बसतो. त्याने कलम सहा वाचून खाली सही केली, तर छप्पर वयाने पडलं नाही हे कचेरीला लेखी दाखवता येईल आणि उरलेली गिरणी उभी राहील, असं सुरभी आणि वकील दोघांचं मत आहे. नुसतं माझं म्हणणं म्हणजे पोरगी गमावलेल्या म्हातारीची बडबड ठरेल.

आज सकाळी तो आला. कागद वाचला. मिळकतीबद्दल एक शब्द बोलला नाही. म्हणाला, "मला कायच नको आये. पन ह्ये कलम काढ. भाविका वाचंल. ती मला मामा म्हनते."

मी म्हटलं, "म्हनूनच तुजी सही पायजे."

तो उठून बाहेर गेला आहे. ओट्यावर बसला आहे, मला खिडकीतून पाठ दिसते. मी त्याला परत बोलावणार नाही. त्याने सही केली नाही तर ती जागा तशीच कोरी ठेवावी, दुसऱ्या कुणाचं नाव तिथे घालू नये. मृत्युपत्र तरीही कायदेशीर राहील. गिरणी मात्र बहुधा राहणार नाही.

वरचा मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, वकिलांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो बरोबर आहे. म्हणून साक्षीदारांसमोर सही करते.

स्थळ: भिसेगाव, कर्जत
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५

(सही) चिंधी भिवाजी बोराडे

साक्षीदार:

१. (सही) डॉ. विपुल दळवी, कर्जत

२. (सही) ॲड. अक्षय धाऊ हजारे, कर्जत

३. (सही) गजानन भिवाजी बोराडे, मुलगा, भिसेगाव. कलम सहा वाचले. खरे आहे. कौले मी काढली. हा कागद भाविकाला उद्यापर्यंत कोणी दाखवू नये. आज मी तिच्याकडे जाऊन स्वतः सांगतो.