डब्यात ठोकलेली वाळू

तीर्थरूप बाबा,

इथूनच वाकून नमस्कार. मी ठीक आहे, खोकला गेला. तुमचा गुडघा कसा आहे?

माती तपासतात म्हणजे काय, असं तुम्ही विचारलं होतंत. मधोमध आडवा कापलेला एक डबा असतो. त्यात वाळू भरायची, वर वजन ठेवायचं आणि खालचा भाग सरकवायचा. घट्ट वाळूचे कण एकमेकांत अडून बसतात, बराच वेळ दाद देत नाहीत. सैल वाळू मुकाट्याने सरकत राहते.

आमच्या खोल्यांमागे भिंत बांधून तिच्याआड मातीचा भराव घालायचा होता. त्या भरावाची वाळू मीच तपासली. पोत्यातून काढली आणि डब्यात चांगली ठोकून भरली. गवंड्याचा मुलगा ना मी! धुम्मसाने ठोकून घट्ट केल्याशिवाय पुढचा थर टाकायचा नाही, हे तुमचंच शिकवणं. निकाल उत्तम आला. भराव मात्र ठेकेदाराच्या माणसांनी ट्रकमधून नुसता ओतला होता, हे मला भिंत उभी राहिल्यावर कळलं.

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "अहवाल गेला, आता गप्प बस." वरच्या कचेरीत गेलो, तिथे माझ्याच सहीचा कागद पुढे धरला.

भिंत आता बोटभर पुढे आलीय. शेजाऱ्यांना म्हटलं, इथून हला. ते हसतात, "तूच पास केलीस ना?" ते हलेपर्यंत मलाही हलवत नाही.

तुमची काही चूक नाही, बाबा. सुट्टीत इकडे यायचं मात्र राहू द्या.

आई खोलीचं विचारेल. तिला सांगा, भिंतीच्या आडोशाला आहे, वारा लागत नाही.

तुमचा,
थोरला